चार भरले

दफ्तरखान्यातल्या बाईंनी पेन काढून घेतलं,
पेन्सिल दिली, हात धुवायला लावले.
मी रात्रपाळीवरून तशीच आलेले,
बुटांना अजून वॉर्डाचा वास.
बाहेर डरहॅमचं थंडगार शुक्रवारचं ऊन
आणि बसथांब्यावर शाळेची पोरं.

पहिल्यांदा भेटलास तो बाप्तिस्म्याच्या वहीत.
कथबर्ट. बाप : खाणकामगार.
मग शिरगणतीत, दहा वर्षांचा,
धंद्याच्या रकान्यात 'दारवान'.
मला वाटलं, कुठल्या हवेलीचा!
बाई म्हणाल्या, नाही हो,
भुयारात हवा खेळती राहावी म्हणून लाकडी दारं असायची.
गाडा आला की दोरी ओढायची,
गेला की सोडायची.
दिवसभर. अंधारात.
मेणबत्ती ज्याची त्यानं आणायची.

पुढे तू सापडतोस आणि हरवतोस.
स्टोबर्ट, स्टबर्ट, स्टॉबट,
एकदा तर नुसताच स्टब;
ज्या कारकुनाला जसं ऐकू आलं तसं.
लग्नाच्या वहीत तुझी फुली,
शेजारी मार्जरीची.
तिची जास्त सरळ आहे.
मग ब्लॅकरिग, वेस्ट हो, परत ब्लॅकरिग,
खाण बदलली की घर बदलायचं,
एका घरात पाच लेकरं, पुढच्यात तीन.
मधल्या दोघांचं काय झालं
ते दुसऱ्या वहीत असेल. आज मागवली नाही.

पगाराच्या चोपडीत तुझ्या नावापुढे काट्याकाट्यांची रांग.
गाडा वजनात कमी भरला
की सगळाच्या सगळा फुकट.
कोळसा मालकाचा, घाम कुणाचा
हा हिशेब तिथे मांडलेला नाही.

आमच्या घरात तुझा विषय निघाला
की आजोबा उठून चहाचं पाणी ठेवायचे.
खापरपणजोबा तू,
आणि खापरही तुझ्याच माथी फुटलेलं,
कशाचं ते कुणी सांगेना.

ते आज कळलं. तुरुंगाचं बाड, पान फाटकं :
संपाचा अकरावा आठवडा.
कोळसा, अर्धं पोतं, किंमत चार पेन्स,
कंपनीच्या ढिगावरून.
चौदा दिवस.
खाली तू, पहिल्यांदाच सबंध :
उंची पाच फूट साडेतीन. डोळे करडे.
डाव्या हाताची करंगळी अर्धी.
कपाळावर, नाकाच्या दांडीवर, दोन्ही मनगटांवर
निळे व्रण.

कोळसा उगाळावा तितका काळाच म्हणतात.
कातडीखाली गेला की निळा होतो, हे तुला माहीत होतं.
एवढं लिहायला तो कारकून
किती वेळ तुझ्यासमोर दिवा धरून उभा राहिला असेल?
मार्जरीनं तरी तुला दिवसाउजेडी
इतकं निरखून कधी पाहिलं होतं?
माझ्याकडे तुझा फोटो नाही. ही चोराची ओळख आहे.
मी ती उतरवून घेतली, करंगळीसकट.

शेवटचे दोन रकाने वजनाचे.
आत आलास तेव्हा एकशे एकवीस पौंड,
सुटलास तेव्हा एकशे पंचवीस.
मी आकडे पुन्हा बघितले.
मग पुन्हा.
तुरुंगाची पाणचट लापशी आणि शिळा पाव
तुझ्या अंगाला लागला, कथबर्ट.
त्या चौदा दिवसांत ब्लॅकरिगला
मार्जरीचं वजन कुणी केलं नाही.

मी सुईण आहे.
चार पौंड म्हणजे किती
ते मला वहीत बघावं लागत नाही.
काल पहाटे साडेतीनला
बत्तिसाव्या आठवड्यातच आलेली एक पोर
टॉवेलात गुंडाळून काट्यावर ठेवली,
एका हातात मावली असती तरी दोन्ही हात लावले.
काटा हल्ली किलोत बोलतो.
पण दाराशी तिची आजी उभी होती, अंगात कोट तसाच,
तिनं विचारलं, पौंडात सांग गं, पौंडात.
चार, मी म्हणाले.
चार भरले.